हलगीवाल्याचे नाव

आमच्या लोहारा भागात जत्रेतला कुस्त्यांचा फड दिसण्याआधी कानांवर येतो. हलगी कडाडली की पोरंसोरं धावत सुटतात.

हलगी म्हणजे लाकडाचे, हल्ली लोखंडाचे, कडे आणि त्यावर ताणलेले कातडे. वाजवण्याआधी ती विस्तवावर शेकतात. कातडे ताठ होते, आवाज खणखणीत निघतो. पहिलवानांची सलामी होते तेव्हा ठेका सावकाश असतो. खडाखडी सुरू झाली की तो चढतो आणि डाव बसायच्या बेताला असा घुमतो की, बसलेला माणूस आपोआप उभा राहतो. मागच्या रांगेतल्या माणसाला कुस्ती कोठवर आली, हे हलगीच सांगते.

अमेरिकेतील महाविद्यालयांत हेच काम फुटबॉलच्या सामन्यात बँड करतो. त्यांचा फुटबॉल निराळा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा. बँडची शिस्त मात्र लष्करातून आलेली. १९०७ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने मैदानावर आपल्या रांगांनी ‘पी’ हे अक्षर उभे केले. पुढे अशी अक्षरे आणि आकृती ही तेथील रीतच होऊन बसली. महत्त्वाचे ते हे की, वाजवणारे त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी असतात. खेळणारा आणि वाजवणारा एकाच वर्गात बसतो. अर्थात तेथेही कितीतरी विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंद होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे काय घडले? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांना पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९६१ साली दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. ही नावे इतिहासात राहिली, हे योग्यच झाले. पण विजेत्यांच्या यादीत हलगीवाल्याला रकानाच नाही.

त्याचे कारण कलेत नाही, गावगाड्यात आहे. हलगी वाजवणारी घरे बहुधा मातंग समाजाची. वादन हे त्यांच्या वाट्याला आलेले गावकीचे काम मानले गेले. पहिलवानाला फेटा आणि इनाम. वाजवणाऱ्याला पसाभर धान्य. ज्याच्या ठेक्यावर सारा गाव डोलला, त्याला त्याच गावाने वेशीबाहेर ठेवले.

आता महाविद्यालयांच्या युवक महोत्सवांत लोकवाद्यांचे वादन होते आणि तेथे सर्व घरची मुले हलगी हाती घेतात. हे शुभचिन्ह खरे. पण मुलांनी नुसता ठेका उचलू नये. तो ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसावे. आणि पुढच्या जत्रेत फडावर पहिलवानांची नावे पुकारतील, तेव्हा हलगीवाल्याचेही नाव पुकारावे. त्याला फार खर्च नाही. तोंड उघडावे लागेल, एवढेच.