फाईल दिसायलाच हवी का?

केन थॉम्पसन यांच्या 'एड'मध्ये फाईल पडद्यावर दिसतच नाही. हुकूम द्यायचा, मजकूर डोक्यात धरायचा. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कुलूरिस यांनी 'एम' लिहिला, म्हणजे मर्त्य माणसांसाठीचा एडिटर! कुलूरिस सांगतात, थॉम्पसनना तो रुचला नाही. संपादन करताना फाईल बघायची गरजच काय?

हट्टीपणा वाटतो ना? पण हिशेब करा. 300 बॉडचा मोडेम सेकंदाला 30 अक्षरं पाठवणार. 24 ओळी, 80 रकाने भरायला मिनिटाहून जास्त.

1976 मध्ये 'एम' बर्कलीला पोचला. बिल जॉय यांनी तिथून पुढे 'व्हीआय' घडवला आणि मधला मार्ग काढला. लाइन संथ असेल तर फक्त 8 ओळी दाखवायच्या. साध्या टर्मिनलवर खोडलेल्या ओळीच्या जागी नुसतं 'अ‍ॅट'चं चिन्ह. बाकीचा पडदा जागच्या जागी.