दम्याचा पंप आणि पर्यावरण: इनहेलरमधला गॅस नेमका काय करतो?

दम्याचा पंप म्हणजेच इनहेलर तुमच्यापैकी अनेकांच्या बॅगेत मोबाईलच्या शेजारीच असतो. आज आपण या छोट्या यंत्राच्या आत काय चालतं, त्याचा हवामानबदलाशी काय संबंध आहे आणि आपण काय करू शकतो, ते बघूया. एक गोष्ट मात्र आधीच सांगते: हा लेख वाचून कोणीही पंप बंद करू नका. श्वास आधी, बाकी सगळं नंतर.

पंपाच्या आत काय असतं?

पंप दाबल्यावर जो फवारा येतो, त्यात औषध अगदी थोडं असतं. बाकी जवळपास सगळा असतो तो औषधाला बाहेर ढकलणारा गॅस. असे पंप १९५६ मध्ये बाजारात आले. तेव्हा त्यात सीएफसी गॅस असायचा. तो ओझोनच्या थराला भोकं पाडतो हे कळल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला आणि त्या जागी एचएफसी गॅस आले. ओझोन वाचला, पण हे गॅस उष्णता धरून ठेवण्यात पटाईत निघाले. सर्वात जास्त वापरला जाणारा एचएफसी-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापदायक आहे.

थोडा हिशोब करू

काही पंपांत या गॅसचं प्रमाण १० ग्रॅमपेक्षा कमी असतं, तर काहींत १८ ग्रॅमच्या आसपास. १८ ग्रॅम गुणिले १,४०० म्हणजे साधारण २५ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो निघतो. म्हणजे असा एक पंप संपवणं हे ११ लिटर पेट्रोल जाळण्यासारखं झालं. तुमची बाईक लिटरला ५० देत असेल, तर साडेपाचशे किलोमीटर! इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या एकूण कार्बन उत्सर्जनात इनहेलरचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे, तो याच गॅसमुळे.

गॅस नसलेला पर्याय

पावडरच्या इनहेलरमध्ये गॅसच नसतो. आपण जोरात श्वास ओढतो, तीच त्याची मोटर. आपल्याकडे सिप्लाचा रोटाहेलर अनेकांनी पाहिला असेल: कॅप्सूल आत टाकायची, फिरवून उघडायची आणि पावडर ओढायची. (कॅप्सूल गिळायची नसते!) स्वीडनमध्ये बहुतेक लोक पावडरचेच इनहेलर वापरतात.

मग सगळ्यांनीच बदलायचं का? नाही. लहान मुलं, काही वयस्कर माणसं आणि जोराचा अ‍ॅटॅक आलेला माणूस यांना तेवढ्या जोरात श्वास ओढता येत नाही. त्यांना गॅसचा पंप आणि स्पेसरच योग्य. म्हणून बदल करायचा तर डॉक्टरांना विचारूनच.

आपल्या हातात काय आहे?

- दमा आटोक्यात ठेवा. तात्काळ आराम देणारा पंप, बऱ्याचदा निळा, सारखा लागतोय? मग दमा आटोक्यात नाही. वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप संपत असतील, तर मोठ्या अ‍ॅटॅकचा धोका वाढतो. सूज कमी करणारं रोजचं औषध नियमित घेतलं, की फवारे कमी लागतात आणि गॅसही कमी सुटतो.
- पद्धत तपासा. गॅसचा पंप हलवून घ्या आणि श्वास सावकाश ओढा. पावडरला उलट, झटकन आणि जोरात. चुकीच्या पद्धतीने औषध घशातच बसतं, मग पुन्हा फवारा मारावा लागतो. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा.
- फवारे मोजा. पंपावर आकडा दिसत नसेल, तर फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करा. १२० फवाऱ्यांचा पंप सकाळी दोन, रात्री दोन असा वापरला तर ३० दिवस चालतो. त्या तारखेचं रिमाइंडर लावा. मोजलेले फवारे संपल्यावरही पंपातून थोडा गॅस येत राहतो, पण औषध पुरेसं असेलच असं नाही. पाण्यात बुडवून तपासायची युक्तीही भरवशाची नाही.
- टाकताना काळजी घ्या. रिकामा डबा फोडू किंवा जाळू नका, तो फुटू शकतो. जुन्या औषधांसारखाच घरातल्या घातक कचऱ्यात वेगळा द्या.

पुढे काय येतंय?

२०१६ च्या किगाली करारानुसार जगभर एचएफसीचा वापर टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे, भारतही त्यात आहे. त्यामुळे कंपन्या नवे गॅस शोधतायत. एचएफसी-१५२ए हा १३४ए पेक्षा सुमारे दहापट सौम्य आहे. त्याहून सौम्य गॅस वापरणाऱ्या अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या एका इनहेलरला २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये मंजुरी मिळाली. तो दम्यासाठी नसून सीओपीडी या फुप्फुसाच्या आजारासाठी आहे, पण दिशा कळते.

तोपर्यंत माझं म्हणणं एवढंच: पंप लागला तर बिनधास्त घ्या, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण तो वारंवार का लागतोय, हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा. त्याचं उत्तर मिळालं की फुप्फुसाचंही भलं आणि पर्यावरणाचंही. घरात कोणाला दमा असेल तर हा लेख त्यांना जरूर पाठवा.