पाहुण्याच्या हातावर पाणी

विहारात बाहेरगावचे भन्तेजी येणार म्हटले की बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो त्यांच्या उतरण्याचा. मुक्काम कुठे, भोजनदान कुणाकडे, बाराच्या आत ताट वाढले जाईल ना, अशी सगळी धावपळ होते आणि ती व्हायलाच पाहिजे. पण त्याच दिवशी एखादा अनोळखी, मळक्या कपड्यातला, उपाशी माणूस दारात येऊन उभा राहिला तर त्याची व्यवस्था कोण बघणार? हा विषय बैठकीत सहसा निघत नाही. इटलीतल्या एका ख्रिस्ती मठात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी तो निघाला आणि त्याचे उत्तर नियम म्हणून लिहून ठेवले गेले. त्या मठाची, त्या नियमाची आणि तो कुठे पाळला गेला, कुठे मोडला गेला याची हकिकत वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

नियम लिहिणारा बेनेडिक्ट हा मध्य इटलीतल्या नर्सिया गावचा. जन्म इ. स. ४८० च्या सुमाराचा, घर खाऊनपिऊन सुखी. शिकायला रोमला गेला, पण तिथले रंगढंग बघून शिक्षण अर्धवट टाकून निघाला आणि सुबियाको इथल्या एका गुहेत तीन वर्षे एकटाच राहिला. वरच्या कड्यावर एक मठ होता. तिथला रोमानुस नावाचा मठवासी आपल्या वाट्यातली भाकरी वाचवून दोरीने खाली सोडायचा. दोरीला घंटी बांधलेली असे. ती वाजली की याला कळायचे, जेवण आले. जो माणूस पुढे पाहुणचाराचे नियम लिहिणार होता, त्याने आधी तीन वर्षे दुसऱ्याने उपाशी राहून दिलेली भाकरी खाल्ली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पुढे जवळच्या एका मठाने त्याला आग्रह करून प्रमुख म्हणून नेले. पण त्याची शिस्त झेपेना, तेव्हा त्याच मंडळींनी त्याच्या पेल्यात विष कालवले! (संस्था चालवणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.) तो तिथून निघाला, सुबियाकोच्या परिसरात त्याने बारा-बारा जणांचे बारा छोटे मठ उभे केले आणि सुमारे ५२९ साली माँटे कॅसिनो या डोंगरावर मोठा मठ स्थापन केला. तिथेच ५४७ च्या सुमारास त्याचे निधन झाले. ही माहिती पोप ग्रेगरी यांनी सुमारे ५९३ साली लिहिलेल्या चरित्रातून मिळते. त्यात चमत्कार भरपूर आहेत. ते आपण बाजूला ठेवू. ते वजा करूनही माणूस शिल्लक राहतो.

काळ कसा होता तेही बघितले पाहिजे. पश्चिमेकडचे रोमन साम्राज्य ४७६ साली संपले होते. ५३५ पासून इटलीत वर्षानुवर्षे युद्ध चालले, त्यामागोमाग दुष्काळ आला. रस्त्यावर घर सुटलेली माणसे. अशा दिवसांत मठाच्या दारावर थाप पडली की आत बसलेल्याला दोनच गोष्टी सुचणार, एक भीती आणि दुसरी कोठीत किती धान्य उरले याचा हिशेब.

बेनेडिक्टने लिहिलेला नियम लॅटिन भाषेत असून त्याची ७३ प्रकरणे आहेत. पुस्तक लहानच. आपल्याकडे विनयपिटक आहे तसे ते विस्तृत नाही. परंतु कोण कुठे झोपेल, ताटात काय असेल, भांडी कोण मोजून घेईल इथपर्यंत सर्व त्यात आहे. दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थनेला जमायचे, मधल्या वेळेत हाताने काम आणि वाचन. रिकामे बसणे त्याला मुळीच पसंत नव्हते. कुणाच्याही मालकीचे काही नाही. पुस्तक नाही, लिहायची पाटी नाही, लेखणीसुद्धा नाही. लागेल ते मठाधिपतीने द्यायचे : झगा, पट्टा, चाकू, सुई, रुमाल. त्यांच्याकडे मठाधिपतीला ॲबट म्हणतात. कापड त्या भागात मिळेल ते आणि स्वस्तातले. रंगावरून कुरकुर करायची नाही. जेवणात दोन शिजवलेले पदार्थ, असतील तर फळे किंवा ताजी भाजी, आणि माणशी एक रत्तल भाकरी. पदार्थ दोन का? तर एक ज्याला चालत नाही त्याने दुसरा खावा म्हणून. दारूबद्दल मात्र तो लिहितो की खरे म्हणजे ती मठवासीयांसाठी नाही, पण आजकालच्यांना हे पटवता येत नाही, तेव्हा निदान मोजून तरी घ्या. आपल्या पंचशीलात हे बसणारे नाही. पण लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा बघण्यासारखा आहे.

स्वयंपाकाची पाळी आठवड्याची. आजारी असल्याशिवाय किंवा फार जबाबदारीचे काम असल्याशिवाय कुणालाही तीतून सुटका नाही. शनिवारी पाळी संपली की सगळ्यांचे पंचे धुवायचे, संपणाऱ्या आणि लागणाऱ्या पाळीच्या बंधूंनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे, आणि भांडी स्वच्छ, न फुटलेली, कोठाऱ्याच्या ताब्यात द्यायची. कोठाऱ्यानेही मठाचे प्रत्येक भांडे-अवजार वेदीवरच्या पवित्र पात्रासारखे सांभाळायचे. जेवताना बोलणे बंद. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात; काही हवे असेल तर खुणेने मागायचे.

आता मानपानाचे. मठात कुणाचे स्थान वर आणि कुणाचे खाली हे ठरते तो कधी आला यावरून. सकाळी आलेला दुपारी आलेल्यापेक्षा ज्येष्ठ, मग दुपारी आलेला वयाने किंवा घराण्याने कितीही मोठा असो. जन्माने गुलाम असलेला मठात आला आणि स्वतंत्र घरातला नंतर आला, तर केवळ जन्मामुळे त्या स्वतंत्राला वर बसवायचे नाही, हेही स्पष्ट लिहिले आहे. हे वाचताना आपल्या वाचकांना उपालीची आठवण आल्यावाचून राहणार नाही. शाक्य राजपुत्रांचा अभिमान उतरावा म्हणून न्हाव्याच्या कुळातल्या उपालीला तथागतांनी आधी प्रव्रज्या दिली आणि राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. म्हणून बेनेडिक्टने हे आपल्याकडून घेतले असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण तसा पुरावा नाही. अनेक माणसे एका छपराखाली राहायला लागली की अडचणी सारख्याच येतात, आणि शहाणी माणसे त्यावर सारखेच उपाय काढतात, इतकेच. आजाऱ्याचेही तसेच. मळात पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले आणि माझी सेवा करायची असेल त्याने रुग्णाची करावी असे सांगितले. बेनेडिक्ट म्हणतो, आजाऱ्याची सेवा प्रत्यक्ष ख्रिस्ताची समजून करा.

पाहुण्याविषयी ५३ वे प्रकरण आहे. येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्तच आला असे समजून घ्यायचा, हे त्याचे सूत्र. पण सूत्र सांगून तो थांबत नाही, म्हणून तर ते प्रकरण टिकले. पाहुणा आला असे कळताच प्रमुखाने आणि बंधूंनी लगबगीने सामोरे जायचे. त्याच्यापुढे मस्तक लववायचे. मठाधिपतीने स्वतः पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचे, आणि त्याने व सगळ्या मंडळींनी मिळून पाहुण्यांचे पाय धुवायचे. उपवासाचा दिवस असला तरी मठाधिपतीने पाहुण्याबरोबर जेवायचे; मोठा उपवास असेल तेवढाच अपवाद. बाकीच्यांनी मात्र आपला उपवास चालू ठेवायचा. हातावर पाणी कोण घालतो, किती अंतरावरून घालतो, याचा अर्थ आपल्या लोकांना दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्या वाडवडिलांनी ओंजळी पसरून ते पाणी प्यायले आहे.

पुढचे वाक्य तर फारच मोलाचे. गरीब आणि वाटसरू यांच्या स्वागताची सर्वात जास्त काळजी घ्या, असे तो सांगतो. कारण काय? तर श्रीमंताचा धाकच असा असतो की त्याला मान आपोआप मिळतो. तो द्या म्हणून नियम करावा लागत नाही.

दारावर कोण बसवायचा, तेही ठरलेले. समजूतदार, वयस्क माणूस. निरोप घेता येईल आणि देता येईल असा, आणि वयामुळे इकडेतिकडे भटकणार नाही असा. त्याची खोली दाराशेजारीच. कुणी दार वाजवले किंवा एखाद्या गरिबाने हाक मारली की लगेच देवाचे आभार मानून ओ द्यायची. आधी ओ, चौकशी नंतर.

पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर निराळे. ते अवेळी येतात आणि मठात पाहुणे नाहीत असे कधी होत नाही, म्हणून त्यांच्यामुळे बाकीच्यांचे वेळापत्रक बिघडू नये. तिथे दोन बंधू वर्षभरासाठी नेमायचे. पुरेसे बिछाने घातलेली खोली तयार ठेवायची. उलट बाजूने, पाहुण्यांशी परवानगीशिवाय कुणी गप्पा मारायच्या नाहीत. भेटला तर नम्रपणे नमस्कार करून पुढे जायचे. हे कोरडे वाटेल. पण दार सगळ्यांना उघडे ठेवायचे आणि आतला संघही शाबूत ठेवायचा, तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

ही रेघ खुद्द बेनेडिक्टलाही अडचणीत आणत असे. त्याची बहीण स्कोलास्टिका वर्षातून एकदा भेटायला यायची आणि मठाबाहेरच्या एका घरात दोघे भेटत. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, आजची रात्र थांब, बोलत बसू. तो म्हणाला, मठाबाहेर रात्र काढता येत नाही. तिने डोके टेकून प्रार्थना केली आणि असे वादळ आले की त्याला पाऊल बाहेर टाकता येईना. रात्रभर दोघे बोलत बसले. तीन दिवसांनी ती वारली. ग्रेगरी नोंदवतात की तिचे प्रेम जास्त म्हणून तिचे चालले. वादळ प्रार्थनेने आले की पावसाळी हवेने, ते राहू द्या. पण ज्यांनी नियम जपला त्यांनीच नियम हरल्याची ही गोष्टही जपली.

दुष्काळातली गोष्ट अशीच. मठाने सगळे वाटून टाकले, काचेच्या बुधलीत थोडे तेल तेवढे राहिले. एकजण तेल मागायला आला. बेनेडिक्टने द्यायला सांगितले, पण कोठाऱ्याने दिले नाही. दिले तर बंधूंना काय उरणार? ते कळल्यावर बेनेडिक्टने ती बुधली खिडकीतून बाहेर फेकायला लावली. ती फुटली नाही म्हणतात. आपल्याला त्या कोठाऱ्याची बाजूही समजते. कोणत्याही संस्थेचा खजिनदार असाच बोलेल.

बेनेडिक्टचा नियम पुढे युरोपभर गेला. मठ मोठे झाले, आणि इथेच इतिहास दुसरी बाजू दाखवतो. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गाल मठाच्या ग्रंथालयात एक नकाशा जपलेला आहे. चामड्याचे पाच तुकडे शिवून त्यावर इ. स. ८२०-८३० च्या सुमारास काढलेला हा आदर्श मठाचा आराखडा. त्यात पाहुण्यांची घरे दोन. प्रतिष्ठितांचे वेगळे, गरीब आणि यात्रेकरूंचे वेगळे. दोन्हींना आपापले स्वयंपाकघर, भाकरीची भट्टी आणि बिअर गाळायची जागा. म्हणजे गरिबाला विसरले नव्हते. पण प्रतिष्ठितांच्या निजायच्या खोल्यांत शेगडी आहे, घोड्यांना तबेला आहे, नोकरांना जागा आहे. गरिबांच्या घरात बाकडी आणि सामाईक निजायची जागा. श्रीमंताला मान आपोआप मिळतो असे बेनेडिक्ट म्हणाला होता. तीनशे वर्षांत तो मान भिंतींसकट आराखड्यात येऊन बसला.

आणखी एक गोष्ट झाकून चालणार नाही. मध्ययुगात हे मठ मोठे जमीनदार झाले. राजे-सरदारांनी गावेच्या गावे दान दिली, त्या जमिनीवर बांधलेली कुळे राबत. दारावर गरिबाला मिळणाऱ्या भाकरीचे धान्य पुष्कळदा दुसऱ्या गरिबाच्याच घामाचे असे. दान घेणाऱ्याचे आभार इतिहासात नोंदले जातात. पिकवणाऱ्याचे नाव नोंदले जात नाही.

माँटे कॅसिनो अनेकदा उद्ध्वस्त झाला. आधी लाँबार्डांनी, मग ८८३ साली अरब हल्लेखोरांनी, १३४९ साली भूकंपाने. सर्वात भयंकर दिवस १५ फेब्रुवारी १९४४. डोंगराखाली महायुद्धाची आघाडी पोहोचली होती. आसपासचे शेतकरी, बायकापोरे आसऱ्याला मठात शिरली होती. आत जर्मन सैन्य आहे अशा समजुतीने मित्रराष्ट्रांच्या विमानांनी मठावर बाँब टाकले. आत सैन्य नव्हते, पाहुणे होते. दोनशेहून अधिक माणसे मेली असे मानले जाते. ऐंशीच्या घरातले मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे दोन दिवसांनी उरलेल्यांना घेऊन ढिगाऱ्यातून खाली उतरले. मठ पुन्हा जसाच्या तसा बांधला गेला आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले.

नियमाच्या ६१ व्या प्रकरणात दूरदेशीहून आलेल्या मठवासी पाहुण्याविषयी लिहिले आहे. त्याने नम्रपणे आणि योग्य कारणाने मठातला दोष दाखवला, तर मठाधिपतीने विचार करावा. कदाचित तेवढ्यासाठीच देवाने त्याला धाडले असेल. विसाव्या शतकात हे पाहुणे भिक्खूंच्या रूपाने आले. १९७९ साली जपानमधले झेन भिक्खू काही आठवडे युरोपातल्या बेनेडिक्टाइन मठांत राहिले, त्यांच्याबरोबर उठले, कामाला लागले, मुकाट्याने जेवले. १९८३ साली युरोपातले मठवासी जपानमधल्या झेन मठांत राहून आले.

त्याआधी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील गेथसेमनी मठाचे थॉमस मर्टन भारतात होते. हा मठ ट्रॅपिस्ट पंथाचा, पण नियम बेनेडिक्टचाच. धरमशालेत दलाई लामांनी त्यांना तीनदा भेट दिली. पुढच्याच महिन्यात, १० डिसेंबरला, आशियातल्या मठवासीयांच्या परिषदेसाठी बँकॉकला गेले असताना मर्टन यांचा अपघाती मृत्यू झाला. जुलै १९९६ मध्ये बौद्ध आणि ख्रिस्ती मठवासीयांची मोठी बैठक त्यांच्याच गेथसेमनी मठात भरली. कंबोडियाचे भन्ते महाघोसानंद तिथे होते. दलाई लामाही होते, आणि या वेळी पाहुणे ते होते.