रंगूनच्या शवागारातला जंतू

यकृतात गळू म्हटलं की आमच्या पिढीच्या डॉक्टरांना आधी अमिबा आठवतो. मी मात्र मायक्रोबायोलॉजीचा हा धडा शिकवताना मुलांना थेट १९११ सालच्या रंगूनला नेत असे. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच प्रांत होता. रंगूनच्या गोदीत आणि भाताच्या गिरण्यांत राबणारे मजूर मोठ्या संख्येने आपल्याकडून गेलेले.

तिथल्या जनरल हॉस्पिटलात कॅप्टन आल्फ्रेड व्हिटमोर पॅथॉलॉजिस्ट होते आणि सी. एस. कृष्णस्वामी त्यांचे सहायक. त्यांच्या टेबलावर पुष्कळदा रस्त्यावर दिवस काढलेल्या माणसांची प्रेतं येत. हाडं वर आलेली, अंगावर मॉर्फियाच्या सुयांचे व्रण. अशांच्या मरणाचं कारण कोण शोधतं? या दोघांनी शोधलं. फुप्फुसांत गाठी, प्लीहेत पू, यकृत मधाच्या पोळ्यासारखं पोखरलेलं. घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्सची शंका आली. पण ग्लँडर्सचा जंतू हलत नाही, हा तर सूक्ष्मदर्शकाखाली पळत होता, आणि आगरवर भराभर वाढत होता. गिनिपिगना टोचला, ते मेले, त्यांच्यातून तोच पुन्हा हाती आला. १९१२ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये दोघांच्या नावाने लेख छापून आला. रोगाला मात्र एकट्या व्हिटमोरांचं नाव चिकटलं. हे मला आजही खटकतं.

खुद्द कृष्णस्वामींच्या १९१७च्या लेखाच्या मथळ्यात दोष मॉर्फियाच्या सुईवर आहे. रोगी व्यसनी, तेव्हा रोगही व्यसनाचा, असा समज सहज झाला असणार. मलायात स्टँटन आणि फ्लेचर यांनी १९२१ साली रोगाला मेलिऑइडोसिस हे नाव दिलं. त्यांचा संशय उंदरांवर होता. जंतूचं खरं घर भातखाचराच्या चिखलात आणि साचलेल्या पाण्यात आहे, हे कळायला आणखी काही दशकं गेली. पायाच्या खरचटीतून तो आत शिरतो, मुसळधार पावसात श्वासावाटेही. मधुमेह्यांना तो जास्त गाठतो.

स्वतंत्र भारतात पहिला रुग्ण नोंदला गेला तो १९९१ साली, मुंबईतलं एक लहान मूल. आता किनारी कर्नाटकात दर पावसाळ्यात रुग्ण सापडतात. कोकणातला चिखल काही वेगळा नाही. तरी लावणीहून आलेल्या मधुमेही माणसाच्या तापावर आणि खोकल्यावर क्षयाची औषधं सुरू होतात, आणि पुवात उगवलेला जंतू ‘स्यूडोमोनास, बहुधा बाहेरून मिसळलेला’ म्हणून टाकून दिला जातो. याची मला फार चीड येते, कारण उपचार आहेत. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम निदान दोन आठवडे शिरेतून, मग कोट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या तीन महिने तरी. आणि ओळख पटवायला महागडं यंत्र लागत नाही. जंतू जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद देत नसेल, पण को-अमोक्सिक्लॅवला देत असेल, तर प्रतिजैविकांच्या या तीन साध्या डिस्कवरच मेलिऑइडोसिसचा संशय घ्यावा आणि वॉर्डात लगेच फोन करावा.