ऑलिव्हर हेविसाइड : मॅक्सवेलची समीकरणे सोपी करणारा एकांतप्रिय शास्त्रज्ञ

मॅक्सवेलची म्हणून शिकवली जाणारी चार समीकरणे आजच्या रूपात मांडली ती ऑलिव्हर हेविसाइड यांनी. त्यांचा जन्म १८५० साली लंडनमध्ये झाला. लहानपणी स्कार्लेट फिव्हरमुळे त्यांना कमी ऐकू येऊ लागले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. चोविसाव्या वर्षी त्यांनी तार कंपनीतली नोकरी सोडली, ती कायमचीच. आईवडिलांच्या घरी बसून ते स्वतःच गणित शिकले आणि १८८४-८५ च्या सुमारास मॅक्सवेलची वीसेक समीकरणे त्यांनी चारांत आणली. ‘इम्पिडन्स’ आणि ‘इंडक्टन्स’ हे शब्दही त्यांचेच.

तारेचा इंडक्टन्स वाढवला तर टेलिफोनचा आवाज दूरवर स्पष्ट पोहोचेल, हे त्यांनी १८८७ मध्ये दाखवले. ब्रिटिश टपाल खात्याचे अभियंते विल्यम प्रीस यांनी त्याला विरोध केला. पुढे याच तत्त्वावरच्या पेटंटमधून अमेरिकेत मायकेल प्युपिन श्रीमंत झाले. हेविसाइड मात्र गरीबच राहिले.

रेडिओ लहरी परतवणारा थर वातावरणात असावा, असे त्यांनी १९०२ मध्ये सुचवले. डिसेंबर १९२४ मध्ये ॲपलटन यांच्या प्रयोगाने त्याचा पुरावा मिळाला. फेब्रुवारी १९२५ मध्ये हेविसाइड यांचे निधन झाले.