काचपट्टीपासून यंत्रापर्यंत : सिकलसेलच्या तपासणीची कथा

मंडळी, विळा हे आपल्या शेतकऱ्याचे रोजचे हत्यार. पण रक्तातल्या तांबड्या पेशींनीच विळ्याचा आकार घेतला, तर? अंग ठणकते, रक्त कमी होते, लेकरू खुरटते. हाच सिकलसेल. आपल्या विदर्भातल्या कित्येक घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी 1910 साली या पेशींचे वर्णन केले. भारतात त्यांचा पत्ता लागला 1952 साली. मध्य भारताविषयीचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या काळची रीत साधी, पण चिकाटीची. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, प्राणवायू शोषणारे औषध मिसळायचे, वर पातळ काच ठेवून कडा बंद करायच्या आणि वाट पाहायची. शंभर माणसे म्हणजे शंभर वेळा तोच खटाटोप!

1957 साली इंग्राम यांनी दाखवले की, हा सारा घोळ हिमोग्लोबिनमधला एकच घटक बदलल्याने होतो. मग तपासणी जनुकापर्यंत पोचली. त्यासाठी पेशी फोडून डीएनए वेगळा काढावा लागतो. हाताने ओतता-उपसताना एका नळीतला कण दुसरीत गेला, तर पीसीआर पद्धत त्या कणाच्याही लाखो नकला करते आणि निकाल फसतो. म्हणून हे काम यंत्राकडे आले. डीएनए बारीक मण्यांना चिकटतो, चुंबक ते मणी धरून ठेवतो, बाकीचा गाळ धुऊन जातो. एका तबकात 96 नमुने; यंत्राचा हात काही थकत नाही.

पण गोम पुढेच आहे, बरं का! नळीवरची चिठ्ठी चुकली, तर यंत्र ती चूकही तितक्याच इमानाने पुढे नेते. आणि आईबाप दोघेही वाहक असले, तर दर बाळंतपणात मूल रोगी जन्मण्याची शक्यता चारांत एक असते. चुकीच्या नावाचा निकाल हाती घेऊन एखादे जोडपे निर्धास्त राहिले, तर?

2023 साली देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. तेव्हा गुरुजी, आपल्या शाळेत रक्त घेतले जाईल, त्या दिवशी नळीवरचे नाव मुलाच्या तोंडून वदवून ताडून पाहा. आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे त्याच्या आईबापांना नीट समजावून सांगा. ही दोन कामे अजून माणसाचीच आहेत.