फायरबॉल दाराआड लागतो का? लाइन ऑफ साइटचा नियम सोप्या भाषेत

अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या घरी दर शनिवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा डाव रंगतो. डीएम, म्हणजे गेम चालवणारा, मीच. एकदा मी फायरबॉल टाकला, मॅपवर गोल काढला आणि मावसभावाचं कॅरेक्टर त्यात सापडून मेलं. तो म्हणाला, "दादा, दार तर बंद होतं ना!" मी ऐकलंच नाही. पुढचे दोन शनिवार तो आलाच नाही. मग मी नियम नीट वाचला. चूक माझीच होती.

नियम काय आहे?

फायरबॉल १५० फुटांपर्यंत फेकता येतो. जिथे फुटतो तिथून चारही बाजूंना २० फूट आग पसरते. एक चौकोन ५ फुटांचा, म्हणजे ४ चौकोन. आता दोन रेषा तपासायच्या:

१. तुमच्यापासून स्फोटाच्या जागेपर्यंत वाट मोकळी आहे का?
२. स्फोटाच्या जागेपासून समोरच्यापर्यंत सरळ रेषा जाते का?

गडबड दुसऱ्या रेषेत होते. जादूगाराला तुम्ही दिसता की नाही, हे इथे बघायचंच नाही. रेषा स्फोटापासून मोजायची. मधे भिंत किंवा बंद दार असेल तर तुम्ही पूर्ण आडोशाला, म्हणजे वाचलात.

दिसणं वेगळं, वाट वेगळी

बंद काचेतून पलीकडचं दिसतं, पण वाट नाही. म्हणून काचेपलीकडे स्फोट करता येत नाही. अंधारात उलटं: दिसत नाही, पण वाट मोकळी असते. फायरबॉलला जागा दिसायलाच हवी अशी अट नाही. मात्र अंधारात मधे भिंत निघाली, तर स्फोट भिंतीच्या अलीकडेच होतो.

एक अपवाद

२०१४ च्या पुस्तकात फायरबॉल कोपऱ्यावरून वळतो. नुसत्या खांबामागे लपून भागत नाही. २०२४ च्या पुस्तकात हे वाक्य काढून टाकलंय. पण खोली सगळीकडून बंद असेल, तर आग वळून जाणार तरी कुठून?

मोबाइलची ट्रिक

भिंतींच्या जागी काड्यापेट्या उभ्या करा. खोलीतला दिवा बंद करा आणि स्फोटाच्या जागी फोनचा टॉर्च लावा. सावलीत आहे तो सुरक्षित. हो, काच आणि कोपऱ्याचा अपवाद मात्र टॉर्चला कळत नाही, तो तुम्हीच लक्षात ठेवा. अॅपमधला गोलही बरेचदा भिंती बघत नाही, नुसता त्यांच्यावरून काढला जातो. मी तिथेच फसलो.

२०१४ च्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहेत. एसआरडी ५.१ ची पीडीएफ फोनमध्ये ठेवा.

आणि भाऊ? मी त्याच्या घरी गेलो, चूक कबूल केली. त्याचं कॅरेक्टर आता दाराआड जिवंत आहे आणि तो शनिवारी सगळ्यांच्या आधी येतो. तेव्हा गोल काढण्याआधी एकदा विचारा: मधे दार आहे का?